पांथस्थ : गो. नी. दांडेकर

मराठीत प्रवासवर्णने पुष्कळ आहेत. आगबोटीने गेलेल्यांची आहेत, विमानाने जाऊन आलेल्यांची तर उदंड आहेत. पायी चाललेल्यांची मात्र फार थोडी. त्या थोड्यांत ज्यांचे नाव प्रथम घ्यावे लागते, ते गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे वाचकांचे गो. नी. दां. आणि जवळच्या माणसांचे अप्पा. तळेगाव, मावळ, राजगड, रायगड या नावांशी त्यांचे नाव इतके जोडले गेले आहे की ते जन्माने आपल्या विदर्भाचे होते, हे आपण वैदर्भीयच विसरून जातो. ८ जुलै १९१६ रोजी त्यांचा जन्म झाला तो परतवाड्याला, मेळघाटच्या अगदी पायथ्याशी. गाव संपले की डोंगर सुरू होतो, आणि त्या डोंगरावर गाविलगड उभा आहे. ज्या माणसाने पुढे आयुष्यभर गड चढायचे होते त्याने जन्मायला जागा बरी निवडली म्हणायची.

हा जो परतवाड्याचा डोंगर, तो सातपुडा. आमच्या खापरखेड्याजवळून वाहणारी कन्हानही सातपुड्यातूनच उतरते. पेंच तिथलीच. याच डोंगराच्या उत्तर अंगाचे पाणी नर्मदेला मिळते, पश्चिम अंगाची पूर्णा वऱ्हाडातून वाहत जाऊन तापीला भेटते, आणि आमच्या वाट्याला आलेले पाणी वैनगंगेकडून थेट गोदावरीला जाते. नकाशा पुढे घेऊन बसले की ध्यानात येते की गो. नी. दां.च्या आयुष्यातला पहिला निम्मा भाग याच डोंगराभोवती फिरतो. पूर्णेकाठच्या माणसांवर त्यांनी 'पूर्णामायची लेकरं' ही कादंबरी लिहिली आणि तिच्यात वऱ्हाडी बोली अशी काही उतरवली की पुण्यामुंबईच्या वाचकाला ती समजून घ्यावी लागली. नर्मदेकाठी ते चालले आणि त्या चालण्यातून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' आली.

त्यांचे शिक्षण म्हणाल तर जेमतेम सातवी. वय तेरा. गांधीजींच्या हाकेने सारा देश हलला होता तो हा काळ. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात समुद्र नाही, म्हणून १९३० मध्ये मिठाच्या जोडीला इथे जंगल सत्याग्रह झाला आणि लोक राखीव रानात जाऊन गवत कापू लागले. अशा हवेत एका मुलाने शाळा सोडली, घर सोडले आणि तो वाटेला लागला. आज एखादा तेरा वर्षांचा मुलगा घरातून निघून गेला तर आपण काय करू, याचा विचार केला म्हणजे त्या घरातल्या आईबापांचे काय झाले असेल ते कळते. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना आपण हा भाग एका ओळीत उरकतो. गो. नी. दां.नी स्वतः मात्र तो उरकलेला नाही. 'स्मरणगाथा' या आत्मकथनपर ग्रंथात त्या भटक्या वर्षांतली भूक, भीती, पोरकेपण हे सारे आहे. १९७६ साली या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

त्या भटकंतीत त्यांना गाडगे महाराज भेटले. हेही अमरावती जिल्ह्यातलेच, शेंडगावचे. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मडके, कधी डोक्यावर खापर, असा हा माणूस दिवसा गाव झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचा. कीर्तन आटोपले की पुढच्या गावाची वाट धरायची. सत्कार नको, मुक्काम नको. (आमच्या गावाच्या नावातच खापर आहे, म्हणून असेल, मला महाराजांच्या डोक्यावरचे ते खापर फार जवळचे वाटते. असो.) कोवळ्या वयाच्या गोपाळाने त्यांच्या सोबत गावेच्या गावे पालथी घातली. महाराजांचा निरोप खेड्यापाड्यांत पोचवण्याचे काम केले. माझ्या समजुतीप्रमाणे, चालण्याचे खरे शिक्षण त्यांना इथे मिळाले. पाय काय, कोणाचेही चालतात. पण हातात काही नसताना परक्या गावात शिरणे, कोणाच्या ओट्यावर बसणे, मिळेल ते खाणे, नाही मिळाले तर पाणी पिऊन निजणे आणि तरी त्या गावाविषयी मनात कडवटपणा न ठेवणे, हे शिकावे लागते. पुढे त्यांनी गाडगे महाराजांचे चरित्र लिहिले, आणि १९७७ साली महाराजांच्या जीवनावरचा 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट आला, त्यामागेही त्यांचीच लेखणी होती.

मग ज्ञानेश्वरी आली, संतवाङ्मय आले, वेदान्ताचा अभ्यास आला. शाळा सोडलेला मुलगा पाठांतराने, श्रवणाने आणि चालत्या-बोलत्या माणसांच्या संगतीने पंडित झाला. त्यांच्या मराठीत जुन्या पोथीचा जो सुवास येतो, तो या वर्षांचा आहे. परंतु मला आज विशेषेकरून सांगायचे आहे ते नर्मदेविषयी.

नर्मदेची परिक्रमा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि सुमारे १३१२ किलोमीटर वाहून भडोचच्या पुढे समुद्राला मिळते. तिला उजव्या हाताला ठेवून एका काठाने समुद्रापर्यंत जायचे, मुखाशी नावेतून पलीकडे जायचे आणि दुसऱ्या काठाने उगमाला वळसा घालून निघालो तिथे परत यायचे. मध्ये कुठेही नदी ओलांडायची नाही. चातुर्मासात चालायचे नाही, एका ठिकाणी राहायचे. जुन्या रीतीने ही परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची. सोबत झोळी, कमंडलू, काठी आणि पांघरूण. पैसा जवळ ठेवायचा नाही. गावोगावी सदावर्त असते, तिथे पीठ, डाळ, मीठ मिळते. ते घ्यायचे, काठावर तीन दगड मांडायचे, टिक्कड भाजायचे आणि नर्मदेचे पाणी प्यायचे. भेटेल त्याला नर्मदे हर म्हणायचे.

ऐकायला हे काव्यमय वाटते. प्रत्यक्षात तो काठ म्हणजे कुठे काळ्या मातीचा चिखल, कुठे तापलेले खडक, कुठे नदीला मिळणारे ओढे, कुठे दाट रान. सर्वांत अवघड टप्पा शूलपाणीच्या झाडीचा. सातपुडा आणि विंध्य इथे नदीला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. आपल्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा याच पट्ट्यात येते. इथे वस्ती भिल्लांची. परिक्रमावासी या झाडीत शिरला की भिल्ल त्याला अडवायचे, अंगावरच्या लंगोटीपर्यंत सगळे काढून घ्यायचे आणि जाऊ द्यायचे. श्रद्धाळू लोक याला मैयाने घेतलेली परीक्षा म्हणत. मला त्यात दुसरेही एक दिसते. ज्या भिल्लाच्या घरी पांघरायला घोंगडी नाही, त्याच्या रानातून घोंगडी घेतलेला माणूस चालला आहे, मग दुसरे काय व्हायचे?

'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाचताना पहिल्यांदा चकवते ते तिचे नाव. हा कुणी एक कोण? लेखक आपले नाव सांगत नाही. काठाने चाललेला एक तरुण बैरागी, एवढीच ओळख. ती कादंबरी म्हणून वाचावी की अनुभव म्हणून, हा वाद वर्गात हमखास निघतो. माझे मत असे की तो वाद फारसा उपयोगाचा नाही. चालणारा माणूस चार-सहा महिने वाटेवर असला की त्याचे नाव, गाव, जात, विद्या हळूहळू निरुपयोगी होत जाते, आणि समोरच्याच्या दारात तो खरोखरच कुणी एक असतो. वाढणारी बाई त्याला नाव विचारून वाढत नाही. गो. नी. दां.नी नाव गाळले ते लेखनातली युक्ती म्हणून नव्हे, तिथली वस्तुस्थितीच तशी होती म्हणून.

आणि म्हणूनच त्या पुस्तकात नदीच्या वर्णनापेक्षा माणसे जास्त लक्षात राहतात. नावाडी, साधू, ढोंगी साधू, गवळी, विधवा बाया, आश्रमातली भांडणे. निसर्ग आहे, भरपूर आहे, पण तो माणसांच्या मागे उभा आहे. आजकाल पदभ्रमण म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे पाठीवरची भली मोठी पिशवी, तंबू, बूट आणि निर्मनुष्य दरी येते. आपले सगळे आपल्याबरोबर असते, त्यामुळे वाटेवरच्या माणसाची गरज लागत नाही. गो. नी. दां. जवळ काही नसताना चालले. रोज संध्याकाळी त्यांना कोणाचे तरी दार लागत होते. या एका फरकामुळे त्यांच्या आणि आपल्या चालण्यात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. जपानात शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची अशीच पायी प्रदक्षिणा आहे, सुमारे बाराशे किलोमीटरची. तिथेही गावकरी यात्रेकरूला फळे, भात, कधी पैसे देतात, आणि ते नाकारू नयेत असा संकेत आहे. म्हणजे लांबच्या वाटा देणाऱ्यांच्या बळावर टिकतात, हे जगात सगळीकडे सारखेच आहे.

आमच्या भागातल्या वाचकाला हे समजायला जपानात जाण्याचे कारण नाही. पचमढीच्या डोंगरात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची यात्रा भरते. ऐन पावसाळ्यात, धुक्यात, निसरड्या दगडांवरून दोन-दोन, तीन-तीन दिवस रानातून चालायचे. यात्रेकरूंत निम्म्याहून जास्त विदर्भाचे असतील. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन मोठ्या महादेवाला जाणारे वेगळेच. माझे आजोबा नागद्वारीला अनेकदा गेले. घरी परत आल्यावर त्यांनी धबधब्यांचे वर्णन केल्याचे मला आठवत नाही. कोणत्या मंडळाच्या भंडाऱ्यात गरम खिचडी मिळाली, कोणी हात धरून कपार पार करून दिली, कोणत्या म्हातारीला चौघांनी उचलून खाली आणले, हेच ते सांगत. गो. नी. दां.ची पुस्तके मी पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून आणून वाचली, तेव्हा हा सूर माझ्या ओळखीचा निघाला.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी या माणसाने ठरवले की यापुढे केवळ लेखणीवर जगायचे. मराठीत केवळ लेखणीवर जगणे म्हणजे काय, हे सांगायला नको. नोकरी नाही, पदवी नाही, पाठीशी संस्था नाही. तळेगाव दाभाडे येथे त्यांनी बिऱ्हाड केले. कोकणावरच्या 'शितू' आणि 'पडघवली' आल्या. शिवकालावरच्या पाच कादंबऱ्या आल्या. बालवाङ्मय, चरित्रे, संतकथा, प्रवास, असे त्यांनी इतके लिहिले की यादी दिली तर अंकाची पाने पुरणार नाहीत. ती देण्याचा माझा विचारही नाही.

तळेगावला राहण्यात एक सोय होती. लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग हे सारे हाकेच्या अंतरावर. गो. नी. दां.चे गडावर जाणे म्हणजे सकाळी चढून संध्याकाळी उतरणे नव्हे. ते गडावर राहायला जात. राजगडावर त्यांनी किती मुक्काम केले त्याला गणती नाही. बरोबर कॅमेरा असे. त्यांनी टिपलेली दुर्गांची छायाचित्रे आज ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्यासारखी आहेत, कारण त्यांतले काही बुरूज पुढे ढासळले. 'दुर्गदर्शन' आणि 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून महाराष्ट्रातल्या कितीतरी तरुणांनी डोंगराची वाट धरली.

पण इथेही त्यांची नजर दगडावरून माणसावर गेलीच. गडावर तेव्हा कोण राहत होते? धनगर, ठाकर, कातकरी, मावळे म्हणवणारी आणि दोन वेळच्या नाचणीला महाग झालेली घरे. 'माचीवरला बुधा'मध्ये राजमाचीवर एकटा राहणारा एक म्हातारा आहे. त्याचे सोबती झाडे आणि जनावरे. 'पवनाकाठचा धोंडी'मध्ये तुंगची हवालदारी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे घर आहे. राज्य गेले, पगार गेला, तरी मान तसाच. 'जैत रे जैत'मध्ये कर्नाळ्याच्या सुळक्याखालचे ठाकर आणि त्या सुळक्यावरच्या मधमाशा आहेत. १९७७ साली जब्बार पटेलांनी तिच्यावर चित्रपट काढला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. शिवाजी महाराजांच्या काळाचे गुणगान करणारे लेखक मराठीत रग्गड झाले. ज्या लोकांच्या खांद्यांवर ते राज्य उभे होते, त्यांची नातवंडे-पतवंडे आज काय खातात, हे पाहायला गडावर मुक्काम करावा लागतो. तो यांनी केला.

आता एका गोष्टीकडे वळतो, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. गो. नी. दां.नी 'आम्ही भगीरथाचे पुत्र' ही कादंबरी लिहिली आहे. ती भाक्रा-नांगल धरणाच्या बांधणीवर आहे. नदीकाठाने अनवाणी चाललेल्या या बैराग्याने नदी अडवणाऱ्यांना भगीरथाचे पुत्र म्हटले! पहिल्या वाचनात मला हे चमत्कारिक वाटले. पण थोडा काळाचा विचार करावा. देश नवा होता, धान्य परदेशातून आणावे लागत होते, आणि उपासमार म्हणजे काय हे गो. नी. दां.ना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. हजारो मजूर डोंगर फोडून पाणी शेतापर्यंत नेत आहेत, हे दृश्य पाहून त्यांना भगीरथ आठवला तर त्यात नवल नाही. त्यांना घाम गाळणारा माणूस दिसला की त्यांचे मन तिकडे ओढ घेई.

तथापि नर्मदेचे पुढे काय झाले, हेही आपल्याला ठाऊक आहे. ५ एप्रिल १९६१ रोजी नेहरूंच्या हस्ते सरदार सरोवराची कोनशिला बसली. जबलपूरजवळ बरगी, खंडव्याकडे इंदिरा सागर, ओंकारेश्वर, अशी धरणांची रांग लागली. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या घरात असताना, टप्प्याटप्प्याने नर्मदेकाठी चालायला सुरुवात केली; त्यांनी पाहिलेल्या कितीतरी वाटा आज जलाशयांच्या तळाशी आहेत. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. आपल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आली. त्यांत मणिबेली पहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. ज्या काठाने तो कुणी एक चालला, त्यातला पुष्कळसा काठ आता काठ राहिलेला नाही.

धरणाविरुद्ध दोन शब्द लिहून मोकळे होणे मला सोपे नाही. मी ज्या गावात वाढलो तिथे आकाशात ढगांच्या आधी चिमणी दिसते. १३४० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे, भोवती सिलेवाड्यासारख्या कोळशाच्या खाणी आहेत, आणि त्या केंद्राला लागणारे पाणी पेंचच्या धरणातून येते. तोतलाडोहच्या त्या पाण्याखालीही सातपुड्याचे रान गेले आहे, गोंडांच्या पायवाटा गेल्या आहेत. त्या विजेच्या दिव्याखाली बसून मी 'भ्रमणगाथा' वाचली. घरातली चूल त्याच केंद्राच्या पगारावर चालली. तेव्हा भगीरथाच्या पुत्रांच्या घरातच मी वाढलो म्हणायचे. आणि तरी नर्मदेचा तो बुडालेला काठ वाचताना जीव कळवळतो. दोन्ही पुस्तके एकाच माणसाने लिहिली, आणि दोन्ही मनापासून लिहिली. कोणते खरे, असा प्रश्न मी अनेकदा स्वतःला घातला. माझ्यापुरते मी एवढेच पाहिले आहे की दोन्हीकडे ते कष्ट करणाऱ्याच्या शेजारी बसले आहेत. फक्त एका पुस्तकातला कष्टकरी उद्याच्या पाण्याकडे बघतो आणि दुसऱ्यातल्याचे घरच त्या पाण्याच्या वाटेत आहे. 'भ्रमणगाथे'तल्या नावाड्याला आणि भाक्र्याच्या मजुराला समोरासमोर बसवणारी तिसरी कादंबरी त्यांच्याकडून यायला हवी होती, असे मला वाटते.

१९८१ साली अकोल्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षस्थान गो. नी. दां.ना मिळाले. तेरा वर्षांचा शाळा सोडलेला मुलगा पासष्टाव्या वर्षी वऱ्हाडात परत आला तो असा. अकोला जिल्ह्यातूनच पूर्णा वाहते. १ जून १९९८ रोजी पुण्याला त्यांचे निधन झाले. कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांनी त्यांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन गावोगावी करून ती पुस्तके नव्या पिढीच्या कानांपर्यंत नेली.

नर्मदेची परिक्रमा थांबलेली नाही. उलट गेल्या दोन-तीन दशकांत मराठी परिक्रमावासींची संख्या फार वाढली आहे. बसने पंधरा-वीस दिवसांत करून येणारे आहेत, मोटारीने करणारे आहेत, आणि हातात काठी घेऊन जुन्या रीतीने चालणारेही आहेत. काठ बुडाला म्हणून ते आता वरच्या डोंगरातून नव्या पायवाटांनी जातात. शूलपाणीच्या झाडीत हल्ली कोणी लुटत नाही. तिथल्या भिल्लांची घरेही पाण्यामुळे वर टेकड्यांवर सरकली आहेत, आणि चालून दमलेला माणूस अंगणात आला की त्याच घरांतून त्याला मक्याची भाकर आणि डाळ मिळते.